जुन्या लिथियम बॅटऱ्यांचं पोतं दुकानात पडलंय. भंगारवाल्याला देऊ का?

तुम्ही विचारलंय की निपाणीत मोबाईल दुरुस्ती आणि ई-स्कूटर सर्व्हिसिंगचं दुकान आहे, दोन वर्षांच्या निकामी लिथियम बॅटऱ्या एका पोत्यात साठल्यात, भंगारवाला किलोवर उचलून कोल्हापूरला नेतो म्हणतोय. द्याव्यात का, आणि तोवर ठेवायच्या कशा?

भंगारात देऊ नका. पण त्याआधी ते पोतं रिकामं करा. विल्हेवाट महिन्यानं लागली तरी चालेल, पोत्याचं काम आजचं आहे.

माझं बेळगावात शहापूर भागात इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. आमच्या धंद्याची सगळी सवय शिशाच्या बॅटरीची. जुनी आणा, वजन करा, नवीच्या बिलातून वजा करा. ॲसिड सांडलं तर फरशी जाते, पँटला भोकं पडतात, आणि एरवी ती बॅटरी कोपऱ्यात वर्षभर गुमान पडून राहते. लिथियम आलं तेव्हा आम्ही तीच सवय पुढं चालवली.

एका आषाढात त्याची किंमत कळली. उद्यमबागेतनं आलेले कॉर्डलेस ड्रिलचे जुने पॅक मी हौसेनं सोडवले होते. आतले सेल, म्हणजे ते 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब नळकांडीसारखे 18650, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात टाकून माळ्यावर ठेवले. काहींना निकेलच्या पट्ट्या तशाच लोंबत होत्या. वर मोबाईलच्या बॅटऱ्याही होत्या. सकाळी पोरगा म्हणाला, "मालक, वरनं कसला तरी गोड वास येऊलाय." नेलपॉलिशसारखा वास. मी म्हटलं, शेजारी रंगकाम चालू असेल. पाच मिनिटांत धूर. त्यानं काठीनं डबा ओढून रस्त्यावर फेकला आणि तिथं सेल लवंगी माळेसारखे फुटत राहिले. बाहेर धो धो पाऊस होता म्हणून निभावलं. चूक सर्वस्वी माझी. लोंबती पट्टी पत्र्याला लागली असणार, दुसरं कारण मला सापडलं नाही.

आपण 'मेलेली' म्हणतो ती बॅटरी मेलेली नसते. फोन शून्य टक्के दाखवून बंद पडतो तेव्हाही सेलमध्ये तीन व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक असतो. टोकं एकमेकांना किंवा धातूला लागली की शॉर्ट, शॉर्ट झाला की उष्णता. आतला प्लॅस्टिकचा पातळ पडदा वितळला की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात आणि मग ती उष्णता आपलीच आपल्याला वाढवत जाते. तो सेल शेजारच्याला तापवतो, शेजारचा त्याच्या शेजारच्याला. धोका एका सेलचा कमी आणि ढिगाचा जास्त, तो असा.

म्हणून पोतं रिकामं करताना आधी निवडा. ज्या धड दिसतात त्यांच्या दोन्ही टोकांना इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावा, ई-स्कूटरच्या पॅकच्या कनेक्टरलाही. रिमोटमधले बटणसेलसुद्धा दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळा, ते सुट्टे एकत्र पडले की एकमेकांना शॉर्ट करतात. मग प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये एका थरात, मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे. पत्र्याचा डबा नको. हवाबंद झाकण तर नकोच, वायू कोंडला की डब्याचाच बॉम्ब होतो. चार्ज जास्त असेल तर नेहमीच्या साधनावर वापरून तीस टक्क्यांच्या खाली आणा. जितका चार्ज कमी तितका भडका कमी. बंद पडलेल्या पॅकवर हा प्रयोग करू नका.

मिठाच्या पाण्यात बुडवण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. स्कूटरचा पॅक 48, 60, 72 व्होल्टचा असतो. मिठाच्या पाण्यात त्यातनं हायड्रोजन आणि क्लोरीन सुटतात, टोकं गंजून जातात आणि आत चार्ज शिल्लक राहतो तो राहतोच. वर ते घाण पाणी तुम्ही गटारात ओतणार.

फुगलेल्या, चेपलेल्या, पाण्यात गेलेल्या आणि गरम लागणाऱ्या बॅटऱ्या वेगळ्या काढा. फुगा म्हणजे आतलं द्रव्य सडून झालेला वायू. टाचणी लावून तो काढायचा मोह मोबाईलवाल्यांना फार होतो, अजिबात नको. अशी प्रत्येक बॅटरी कोरड्या वाळूच्या बादलीत, एका बादलीत एकच, झाकण नुसतं वर ठेवलेलं. आणि बादली दुकानाच्या बाहेर, छपराखाली पण मोकळ्या हवेत. खूप दिवस तळाला गेलेली बॅटरी 'जागी करून' विकायचा उद्योगही आमच्या लाइनीत चालतो. दोन व्होल्टच्या खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना त्याचे काटे उगवून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. मी स्वतः दोनदा विकल्यात, आता नाही विकत.

जागा कुठली? जिन्याखाली नको, बाहेर पडायच्या वाटेवर नको, देवाच्या फोटोखाली तर नकोच, तिथं रोज उदबत्ती लागते. तुम्ही निपाणीचे, म्हणजे भिंतीला लागून तंबाखूचं गोदाम असण्याची शक्यता बरीच. तसं असेल तर त्या भिंतीच्या उलट टोकाला. माझ्या क्रेटवर मी 'अपाय' एवढंच लिहिलंय, एका बाजूला देवनागरीत आणि एका बाजूला कन्नडमध्ये. पोरगा कन्नड शाळेत शिकलेला, त्याला तो शब्द धोका म्हणून लागतो. मराठी गिऱ्हाइकालाही हात लावू नये एवढं कळतं. पाटीवरून आमच्याकडं जेवढे वाद होतात तेवढ्यात हा एक शब्द दोघांचा निघाला.

पेटलीच तर पावडरच्या सिलिंडरवर विसंबू नका. ज्वाला दबते, पण सेल आतनं तापलेलेच राहतात आणि पुन्हा पेटतात. भरपूर पाणी लागतं, विझवायला आणि मुख्य म्हणजे थंड करायला. लाइटीच्या वायरीला जोडलेली नसेल आणि छोटी असेल तरच तुम्ही हात घाला. धुरात हायड्रोजन फ्लोराइड नावाचा विषारी वायू असतो, तो धूर छातीत घेऊ नका. स्कूटरचा पॅक असेल तर माणसं बाहेर, आणि 101 किंवा 112. विझल्यावरही दिवसभर मोकळ्यात ठेवा.

आता द्यायचं कुठं. 2001 चे जुने नियम फक्त शिशाच्या बॅटरीचे होते. ऑगस्ट 2022 मध्ये नवे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले, त्यात लिथियमसकट सगळ्या आल्या. वापरणाऱ्यावर जबाबदारी एवढीच की बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नाही आणि गोळा करणाऱ्या, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्या किंवा रिसायकल करणाऱ्या संस्थेकडंच द्यायची. परत घेण्याची मोठी जबाबदारी कंपनीवर आहे. म्हणून स्कूटरचे पॅक आधी ज्या डीलरकडनं आले त्यालाच विचारा, तेही लेखी.

रिसायकलर शोधायचा तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बॅटरी पोर्टलवर. नोंदणी राज्याचं मंडळ देतं. माणूस कोल्हापूरच्या बाजूचा असेल तर महाराष्ट्राच्या मंडळाची, आपल्या बाजूचा असेल तर कर्नाटकाची, पण नियम आणि पोर्टल एकच. त्यामुळं 'कोगनोळी नाका ओलांडला की कोण विचारतंय' असं भंगारवाला म्हणाला तर समजा की त्याच्याकडं कागद नाही. नोंदणीची प्रत आणि तुमच्या नावाची वजनाची पावती, हे दोन मागा. एसटीच्या किंवा बसच्या पार्सलनं तर मुळीच पाठवू नका, खाली डिकीत बॅटरी आणि वर माणसं असतात.

पैशाचं सरळ सांगतो. शिशासारखा भाव मिळणार नाही. भाव असतो तो कोबाल्ट आणि निकेलचा. मोबाईल-लॅपटॉपच्या बॅटरीत कोबाल्ट असतं, त्यांना थोडंफार मिळतं. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. त्या पॅकमध्ये लोखंड आणि फॉस्फेट, त्यात ना निकेल ना कोबाल्ट. तिथं उचलून नेल्याचे उलट तुम्हालाच द्यावे लागू शकतात. रिसायकलर त्या चिरडून काळी पूड काढतो, ती ॲसिडमध्ये विरघळवून धातू वेगळे करतो. भंगारवाला फोडून तांबं-ॲल्युमिनियम काढतो आणि उरलेलं ओढ्याकाठी टाकतो किंवा जाळतो.

वीस-तीस किलोसाठी गाडी येत नाही, ही खरी अडचण. आम्ही गल्लीतले काही दुकानदार एकत्र आलो, पण माल एका जागी आणला नाही. ज्याचा त्याच्याकडं, आणि गाडीची तारीख तेवढी सगळ्यांची एक. संकेश्वर, चिकोडीचे दुकानदार तुमच्या ओळखीचे असतील तर तसं जमवा.

स्कूटरच्या पॅकवर व्होल्टेज आणि केमिस्ट्री, म्हणजे आत एलएफपी आहे की दुसरं काही, ते छापलेलं असतं. ते लेबल वाचून खाली लिहा, कुठले आधी बाहेर काढायचे ते सांगतो.