ताठ पॉलिमर साखळ्यांसाठी कोणती एम.एस्सी. करावी?

सप्रेम नमस्कार,

बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षात असलेल्या आपल्या मुलीला ताठ पॉलिमर साखळ्या (लहान घटक जोडून बनलेले लांब, सहज न वाकणारे रेणू) आरपार जाऊ देणाऱ्या पटलावर कशा चिकटतात, याच विषयात संशोधन करायचे आहे. हा विषय फार अरुंद नाही ना आणि त्यापेक्षा पॉलिमर रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली बरी नाही का, असे आपण पत्रात विचारले आहे.

माझे मत भौतिकशास्त्राच्या बाजूचे आहे, कारण या प्रश्नाचा गाभा रसायनात नसून एन्ट्रॉपीच्या, म्हणजे साखळी किती प्रकारे मांडली जाऊ शकते याच्या, हिशेबात आहे. अभेद्य भिंतीजवळ आलेली लवचीक साखळी आपल्या अनेक रचना गमावते, म्हणून ती चिकटण्यासाठी आकर्षण एका ठरावीक मर्यादेपलीकडे असावे लागते. पटल आरपार जाऊ देणारे असेल, तर दोन्ही बाजू मोकळ्या राहतात आणि पुरेशा लांब आदर्श साखळीला (जिचे भाग एकमेकांना अडवत नाहीत असे मानलेले असते) अगदी क्षीण आकर्षणही पुरते. ताठ साखळीची गोष्ट मात्र निराळी आहे. दुहेरी डीएनए सुमारे ५० नॅनोमीटरपर्यंत आपली दिशा टिकवतो, तर ॲक्टिन या पेशीतील प्रथिनाचा तंतू १० मायक्रोमीटरच्या आसपास. अशी साखळी तिरकी आली, तर एखाद-दुसरा स्पर्श करून पलीकडे निघून जाते. ती चिकटायची तर पटलाजवळ असणे पुरेसे नाही, तिची दिशाही पटलाला समांतर हवी. हे गणित एम.एस्सी. भौतिकशास्त्रातील स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सच्या (असंख्य कणांच्या सरासरी वागण्याच्या शास्त्राच्या) पेपरातूनच येते.

विषय अरुंद आहे, ही आपली शंका खरी आहे. या एका प्रश्नावर कोणी नोकरी देणार नाही. पाणी शुद्ध करणारी किंवा औषधनिर्मितीतली पटले पॉलिमर साचून तुंबतात, त्यामुळे उद्योगांना या ज्ञानाचा उपयोग आहे. तरीही तेथे प्रथम विचारले जाते ते संगणकीय अनुकरण, मोजमाप आणि विदा हाताळण्याचे कौशल्य. प्राध्यापकी किंवा संशोधन हवे असेल, तर एम.एस्सी.नंतर पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे घरच्यांनी गृहीत धरावीत.

आयआयटींमधील एम.एस्सी.साठी जॅम, तर भौतिकशास्त्राच्या अनेक संशोधन संस्थांसाठी जेस्ट ही परीक्षा असते. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत मृदू पदार्थांवर (पॉलिमर, द्रवस्फटिक यांसारख्या) जुने, भक्कम काम आहे. पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा एकमेकींच्या जवळच आहेत.

अर्ज भरण्याआधी तिने घनाकार जाळीवर साध्या यदृच्छ चालीचा प्रोग्रॅम स्वतः लिहावा; यात प्रत्येक पाऊल कोणत्याही दिशेला पडते आणि चालीची वाट म्हणजेच साखळी. भिंत अभेद्य ठेवल्यास दर स्पर्शामागे केटीच्या (तापमानामुळे असणाऱ्या ऊर्जेच्या मापाच्या) सुमारे ०.१८ पट आकर्षण-ऊर्जेपाशी साखळी चिकटू लागली पाहिजे. हे उत्तर पक्के असल्याने तिला आपली चूक आपणच पकडता येईल. मग भिंतीऐवजी आरपार जाऊ देणारे पटल ठेवावे, आणि शेवटी प्रत्येक वळणावर ऊर्जेचा दंड बसवून साखळी ताठ करावी. हे करताना तिला कंटाळा आला, तर विषयाची आवड वाचनापुरतीच आहे असे समजून प्रायोगिक पॉलिमर विज्ञानाचा विचार अवश्य करावा. रस टिकला, तर एम.एस्सी.ला प्रवेश घेताना वर्षभराचा संशोधन प्रकल्प देणाऱ्या विभागालाच पसंती द्यावी.