मपेट्सना जुन्या सिनेमाच्या पोस्टरात बसवून हसवणारं फॅन आर्ट कसं करायचं?

मपेट्स म्हणजे अमेरिकन टीव्हीवरच्या कापडी बाहुल्या. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "नटाच्या धडावर कर्मिट बेडकाचं तोंड बसवून पोस्टर केलं. ओळखू येतं, पण हसू कुणालाच येत नाही. काय चुकतंय?"

चुकतंय ते धडात. माणसाचं धड ठेवलंत की उरतो तो फक्त मुखवटा, आणि मुखवट्याला माणूस फार तर "अच्छा, कर्मिट का" म्हणतो. बाहुलीला बाहुलीच राहू द्यायचं आणि तिच्या अडचणी सिनेमाच्या प्रसंगाला भिडवायच्या. तिचे पाय दिसत नाहीत, हात तारेवर हलतात, डोळे मिटत नाहीत, तोंड म्हणजे कुणाचा तरी पंजा असतो. यातली एखादी अडचण जिथे नाटकाच्या आड येईल, तिथे विनोद आहे. म्हणून पात्र निवडताना "हा त्या नटासारखा दिसतो का" हे बघूच नका. "ही भूमिका याला कुठे जमणार नाही" हे बघा.

उदाहरणाला एकच चित्र शेवटपर्यंत धरतो, म्हणजे नेमकं बोलता येईल. सिनेमा १९६०चा 'मुघल-ए-आझम', पात्रं मपेट्सची. अनारकली म्हणजे ऐटबाज डुकरीण मिस पिगी, सलीम कर्मिट. मूळ कथेत शहजादा प्रेमासाठी बापाशी लढायला उभा राहतो. इथे प्रेमासाठी पेटलेली ती आणि पळवाट शोधणारा तो. नातं उलटं झालं की निम्मं काम झालं. अकबराच्या जागी सॅम द ईगल हा गरुड, कारण त्याची ती एकसलग भुवई कायमच नाराज असते, तुम्हाला वेगळा राग काढावा लागत नाही. स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ हे दोन खवचट म्हातारे मूळ 'मपेट शो'मध्येही थिएटरच्या सज्जात बसलेले असतात, त्यांना उचलून दरबाराच्या झरोक्यात ठेवायचं. आणि मुख्य गंमत: अनारकलीला चिणायला घेतलेली भिंत पिगीने कराटेच्या एका फटक्यात फोडलेली. विटा हवेत, गवंडी म्हणून बीकर, म्हणजे मपेट्समधला प्रयोगशाळेचा घाबरट मदतनीस, तोंड वासून उभा.

काढायच्या आधी हा विनोद एका वाक्यात लिहून बघा. "पिगी भिंत फोडते आणि सलीम घाबरतो." इतकं पुरे. वाक्यात दोन वेळा "आणि मग" आलं तर ती चित्रकथा झाली, तिला चार चौकटी लागतील. पोस्टर होणार नाही.

पुढे संदर्भ. प्रत्येक पात्राचे किमान पंधरा फोटो जमवा: समोरून, तीन-चतुर्थांश कोनातून, बाजूने, तोंड उघडं, तोंड मिटलेलं. कर्मिटच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं, कारण त्याचं डोकं मऊ कापडाचं आहे आणि आतल्या बोटांनी त्याचे भाव बदलतात. तो ओशाळतो तेव्हा वरचा जबडा आत दुमडला जातो. हा आकार कल्पनेने निघत नाही. स्वतःचा पंजा बाहुलीसारखा धरून आरशात बघा, अंगठा म्हणजे खालचा जबडा. घाबरलेला सलीम तिथेच सापडेल.

डोळ्यांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. मपेट्स घडवणारे डॉन साहलिन डोळे, नाक आणि तोंड यांच्या मांडणीला जादूचा त्रिकोण म्हणत. बुबुळं किंचित आत वळवलेली असली की पात्र आपल्याकडे बघतंय असं वाटतं. ती सरळ समांतर काढलीत तर नजर शून्यात जाते आणि बाहुली मेल्यासारखी दिसते. कर्मिटचं बुबुळ नुसता गोल ठिपका नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेघा निघतात. मपेट्सचा जनक जिम हेन्सनने १९५५मध्ये आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून पहिला कर्मिट शिवला, तेव्हा डोळ्यांना पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून लावला होता. हे लक्षात ठेवा, कारण नवशिक्यांची ठरलेली चूक याच्याशी जोडलेली आहे: माणसासारखा ओला, चकचकीत प्रकाशबिंदू डोळ्यात टाकायचा. प्लॅस्टिकच्या चेंडूवर प्रकाश फिका आणि पसरट पडतो. ओला डोळा काढलात की विनोद जातो, भुताटकी येते.

बाकी ओळखीच्या खुणा पटापट सांगतो. कर्मिटच्या गळपट्टीला ११ टोकं. समोरून सगळी दिसत नाहीत, पण सात-आठ मोठी टोकं काढून मोकळे झालात तर जाणकाराला लगेच खटकतं. बन्सन या शास्त्रज्ञाला डोळेच नाहीत, नुसता चष्मा आहे, त्यामुळे नजरेच्या जुगलबंदीचा प्रसंग त्याला देणं हाच एक विनोद. स्वीडिश शेफला खऱ्या माणसाचे हात असतात, पाच बोटांचे. बहुतेक इतरांना अंगठा धरून चार. पिगीचे लांब हातमोजे कधीही काढू नका, साखळदंड बांधायचे तर हातमोज्यांवरून. आणि मपेट्स बहुतेक डावखुरे असतात. बाहुली चालवणाऱ्याचा उजवा हात डोक्यात गुंतलेला असतो, डाव्या हाताने तो बाहुलीचा डावा हात हलवतो. तेव्हा सलीमची तलवार डाव्या हातात, पिगीचा फटकाही डाव्याच हाताने. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण मपेट्स पाहून वाढलेल्या माणसाला चित्र "बरोबर" वाटतं ते अशाच गोष्टींनी.

आता कॅनव्हास. आपल्याकडच्या जुन्या पोस्टरांचा नेहमीचा आकार साधारण ३० बाय ४० इंच, म्हणजे प्रमाण ३:४. त्याच प्रमाणात ३६०० × ४८०० पिक्सेल घ्या. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १२ × १६ इंचांचा प्रिंट मिळतो. कृता किंवा गिम्प ही चित्रकामाची सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि या कामाला पुरतात. या आकाराचा पूर्ण भरलेला एक लेयर (चित्राचा एक थर) साधारण ७० एमबी मेमरी खातो, म्हणजे चाळीस लेयर झाले की जवळजवळ पावणेतीन जीबी. ८ जीबीचा लॅपटॉप तिथे धापा टाकायला लागतो. एक पात्र पूर्ण झालं की त्याचे लेयर एकत्र करा आणि फाइलची वेगळी प्रत ठेवा.

रंगाला हात लावण्याआधी ५ × ७ सेंटिमीटरची सहा-आठ कच्ची रेखाटनं करा, प्रत्येकी दोन मिनिटं. नंतर त्यांचा फोटो मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. भिंतीतलं भगदाड आणि पिगीचा हात तेवढ्यातही कळला पाहिजे. नाहीतर रचना बदला, रंगकाम वाचवणार नाही. आमच्या उदाहरणात पिगी कॅनव्हासच्या निम्म्याहून मोठी हवी. जुन्या पोस्टरांत मुख्य चेहरा असाच अवाढव्य असतो आणि बाकीचे त्याच्या खांद्यामागून डोकावतात.

पायांचं काय करायचं? मपेट्स पडद्यावर बहुतेक वेळा कमरेपासून वर दिसतात, कारण खाली माणूस असतो. कठडा, सिंहासनाचा हात, विटांचा ढीग असं काहीतरी पुढे आणून कंबर झाका. उगाच लांब मानवी पाय जोडले तर पुन्हा तेच मुखवट्याचं दुखणं. हाताच्या तारा दाखवायच्या की नाही, ही तुमची मर्जी. माझं मत, एका पात्राला एकच तार दाखवावी आणि तीही अशा ठिकाणी की दुसऱ्यांदा बघताना सापडेल. सगळ्यांच्या तारा दाखवल्या तर ते बाहुलीघराचं माहितीपत्रक वाटतं.

पोशाखात एक गोष्ट हमखास चुकते. नटीच्या अनारकली झग्याला वीस-पंचवीस बारीक चुण्या असतात, लोक त्या तशाच लहान करून बाहुलीवर उतरवतात. पण बाहुली लहान झाली म्हणून कापड पातळ होत नाही. फूटभराच्या अंगावर जरीचं कापड जाड आणि ताठ पडतं, पाच-सहा ढोबळ चुण्या येतात, शिवण फुगते, काठ अंगापासून सुटून उभा राहतो. तसंच काढा. बुट्टे मात्र त्या मानाने मोठेच ठेवा, एका ओढणीवर चारच बसले तरी चालतील. बघणाऱ्याला आकार कळतो आणि ऐट दाखवणारी पिगी आणखी हास्यास्पद दिसते.

पोताबद्दल: कर्मिटची त्वचा फ्लीससारख्या कापडाची, फॉझी अस्वलाची फर, पिगीचा चेहरा मखमली लव असलेला. फर काढताना प्रत्येक केस ओढत बसू नका. केस फक्त दोन ठिकाणी दिसतात, आकाराच्या कडेला आणि उजेड-सावलीच्या सीमेवर. मधला भाग सपाट रंगाचा ठेवला तरी डोळा तो भरून घेतो. फ्लीसची कड धारदार ठेवू नका, चार-पाच पिक्सेल मऊ करा.

रंगात खरी मारामारी कर्मिटशी आहे. हाताने रंगवलेल्या जुन्या पोस्टरांत चेहऱ्याचा अर्धा भाग तांबडा-केशरी आणि अर्धा निळा-हिरवा असायचा, सुरीने ओढलेल्या जाड फटकाऱ्यांसकट. माणसाच्या कातडीवर ते झकास दिसतं. हिरव्या बेडकावर तांबडा उजेड टाकलात की शेणाचा रंग येतो, कारण हिरवा पृष्ठभाग तांबडा प्रकाश परत देतच नाही. वर मल्टिप्लाय मोडमध्ये (खालचा रंग गडद करणाऱ्या) तांबडा लेयर टाकला तर थेट काळवंडतो. उपाय असा: उजेडाची बाजू तांबडीऐवजी पिवळसर पोपटी करा, सावलीची बाजू निळसर हिरवी, आणि तांबडा फक्त कडेने आठ-दहा पिक्सेलच्या रेघेत, नॉर्मल मोडमध्ये. पिगीला हा त्रास नाही. तिच्या गुलाबीवर केशरी मनसोक्त टाका. सॅम निळा आहे, त्याच्या सावलीत जांभळा घाला, केशरी कमीच.

शीर्षक: 'मपेट-ए-आझम'. तयार फॉन्टने हे काम होत नाही, अक्षरं हाताने काढा. शिरोरेखा जाड, अक्षरं किंचित तिरकी, उजवीकडे खाली ४० पिक्सेलची खोली, तिच्यावर गडद किरमिजी. आधी टाइप करून साचा घ्यायचा असेल तर इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळते. फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर हा अक्षरजुळणीचा पर्याय निवडलेला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते आणि जोडाक्षरं फुटतात. छापखान्यात देण्याआधी अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेषाकृतीत, रूपांतर करा, नाहीतर तिथल्या संगणकावर चौकोन उगवतील.

मराठी बाहुल्या घ्यायच्या तर नियम तोच, अडचणी वेगळ्या. रामदास पाध्यांचे अर्धवटराव आणि आवडाबाई, किंवा १९९३च्या 'झपाटलेला'मधला त्यांनीच घडवलेला तात्या विंचू, या बोलक्या बाहुल्या. चेहरा कडक, रंग चकचकीत, त्यामुळे इथे धारदार प्रकाशबिंदू चालतो, उलट हवाच. जबडा वरखाली सरकतो म्हणून ओठांच्या कोपऱ्यांपासून हनुवटीकडे दोन उभ्या फटी येतात. त्या विसरलात तर तो नुसता फुगऱ्या गालांचा माणूस होतो. गाल हलत नाहीत, म्हणून रडणं, लाजणं, हसणं सगळं एकाच चेहऱ्याने. तात्या विंचूला भयपटात टाकण्यात काही गंमत नाही, तो तिथलाच आहे. त्याला झाडाआड नायिकेची वाट बघणाऱ्या हळव्या प्रेमपटात टाका. राजस्थानी कठपुतळीला पाय नसतात, घागरा असतो. तिला नाचाच्या स्पर्धेवरचा सिनेमा द्या.

कायद्याचं दोन ओळीत, कारण पुढे तोच प्रश्न येणार. मपेट्स २००४पासून डिस्नेकडे आहेत, सेसमी स्ट्रीट या लहान मुलांच्या कार्यक्रमाची पात्रं सेसमी वर्कशॉपकडे. दोघांना एकाच पोस्टरात कोंबलंत तर मालकही दोन. भारतीय कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट ६० वर्षांचा, पण पोस्टरचं चित्र ही वेगळी कलाकृती, तिचा हिशेब चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचा. त्यामुळे सिनेमा जुना असला तरी त्याचं मूळ पोस्टर ट्रेस करू नका, ढब घ्या आणि रचना स्वतःची करा. कलम ५२मध्ये टीका-समीक्षेसाठीच्या वापराला मुभा आहे, विडंबनाचा वेगळा उल्लेख नाही. हौसेने काढून मित्रांना दाखवणं आणि टी-शर्टवर छापून विकणं यांत मोठा फरक आहे. विकायचं असेल तर परवानगी किंवा वकील, दोहोंपैकी एक गाठा.

छापायचं तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) सोडा, ३०० डीपीआयला ते ३५ पिक्सेल होतात. सीएमवायके या छपाईच्या रंगपद्धतीत कर्मिटचा हिरवा विझतो. सॉफ्ट प्रूफ (छपाई कशी दिसेल याची पडद्यावरची झलक) चालू करून तो आधीच थोडा पिवळ्याकडे ढकला आणि पूर्ण आकारात देण्याआधी फक्त त्याच्या चेहऱ्याचा पोस्टकार्डाएवढा तुकडा त्याच कागदावर छापून घ्या. ऑनलाइन टाकायचं तर लांब बाजू २००० पिक्सेलची, एसआरजीबी या पडद्याच्या रंगपद्धतीत. सीएमवायकेची फाइल चुकून तशीच चढवली तर काही फोनवर बेडूक निऑनसारखा पेटलेला दिसतो.