शेजारच्या मुलांसाठी घरी नाताळाचा कार्यक्रम घेताना

आपण विचारले आहे की, शेजारच्या मुलांना नाताळानिमित्त घरी बोलावून खेळ, खाऊ आणि येशूच्या जन्माची गोष्ट असा कार्यक्रम करायचा आहे. पण त्यांतील बरीच मुले ख्रिस्ती घरांतील नाहीत, तेव्हा गोष्ट सांगावी का, आणि सांगितली तर कशी. मी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) संडे स्कूलमध्ये, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात, शिकवते आणि असे कार्यक्रम घरीही घेत आले आहे. माझे स्पष्ट मत आहे की गोष्ट जरूर सांगावी, मात्र ती सांगितली जाणार आहे हे प्रत्येक पालकाला आधी ठाऊक असले पाहिजे.

निमंत्रणातच सरळ लिहावे की खेळ व हस्तकला असेल, बायबलमधील येशूच्या जन्माची गोष्ट सांगितली जाईल आणि पालकांना थांबायचे असल्यास त्यांचेही स्वागत आहे. नुसतीच ‘सुट्टीतील गंमत’ म्हणून मुलांना बोलवायचे आणि दार लावल्यावर प्रार्थना सुरू करायची, हे मला मुळीच मान्य नाही. सुवार्ता म्हणजे आनंदाची बातमी, आणि ती लपूनछपून सांगण्याचे काही कारण नाही. एखाद्या घरातून नकार आला तर तो मनापासून स्वीकारावा, आणि त्या घरातल्या मुलाशी आपले वागणे पूर्वीइतकेच मायेचे राहील हे पाहावे.

याच कारणासाठी कार्यक्रमाच्या शेवटी ‘येशूला कोण कोण स्वीकारणार, हात वर करा’ असे मुलांना कधीही विचारू नये. ज्यांनी आत्ताच खाऊ दिला, खेळायला घेतले, त्या मोठ्या माणसांना लहान मूल सहसा नाही म्हणत नाही. असा होकार श्रद्धेचा नसतो, भिडेचा असतो. एखाद्या मुलाने आपणहून प्रार्थनेबद्दल विचारले तर त्याला साधे, खरे उत्तर द्यावे आणि घ्यायला आलेल्या आईवडिलांना तसे सांगावे. तसेच कोणाच्या घरातील देवाविषयी किंवा चालीरीतींविषयी एक शब्दही उणा बोलू नये. एखादे मूल सांताक्लॉजविषयी उत्साहाने बोलू लागले तर त्याला खोडून काढण्याचीही गरज नाही. चौथ्या शतकात मायरा येथे बिशप असलेल्या संत निकोलस यांच्या उदारपणाच्या कथा त्या परंपरेच्या मुळाशी आहेत, एवढे मोठ्या मुलांना सांगता येते.

आता गोष्टीविषयी. दहा मिनिटे पुरेशी आहेत, पण त्या दहा मिनिटांची तयारी मनापासून करावी. बायबलमधील लूक आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांची (येशूच्या जीवनवृत्तांताच्या पुस्तकांची) पहिली दोन-दोन प्रकरणे आधी सलग वाचून काढावीत, कारण आपण लहानपणापासून पाहिलेले देखावे आणि शास्त्रातील वर्णन यांत फरक आहे. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी (ज्ञानी) लोक तीन होते असे मत्तय कोठेही म्हणत नाही. तो सोने, ऊद आणि गंधरस ही दाने सांगतो, आणि ते लोक गव्हाणीपाशी नव्हे तर एका घरात आल्याचे लिहितो. मेंढपाळ आणि गव्हाण लूकमध्ये आहेत. बैल आणि गाढव तर दोघांच्याही वर्णनात नाहीत, परंतु असिसीचे संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतील ग्रेच्चो येथे चारा भरलेल्या गव्हाणीपाशी खरे बैल आणि गाढव उभे करून नाताळ साजरा केला होता. त्यामुळे एखाद्या मुलाला गाढव व्हायचे असेल तर खुशाल होऊ द्यावे!

मला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती अशी. देवदूत जखऱ्याला (बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वडिलांना), येशूची आई मरीया हिला, तिचा पती योसेफ याला आणि मेंढपाळांना भेटतो तेव्हा चारही वेळा भिऊ नका, असाच धीर देतो. गोष्ट सांगताना तेथे आल्यावर मी थांबते, हात वर करते आणि मुले एका सुरात ‘भिऊ नका!’ म्हणतात. दुसऱ्या वेळेपर्यंत सर्वांत लाजाळू मूलही वाट पाहू लागते. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या पट्ट्या भरून गव्हाण करावी आणि ‘बाळाला येथे का ठेवले असेल?’ असे विचारावे. उतारशाळेत जागा नव्हती, हे उत्तर कळल्यावर मुले स्वतःच विचारांत पडतात. तेथे लगेच तात्पर्य सांगू नये. मुलांना प्रश्न विचारू द्यावेत.

ही गोष्ट कार्यक्रमाच्या मध्यावर, खेळानंतर आणि खाण्याच्या आधी ठेवावी. शेवटी ठेवली तर मुले कंटाळलेली असतात आणि पालक दारात उभे असतात. एकूण वेळ दीड ते दोन तासांचा असावा. भेटवस्तू द्यायची झाली तर सर्वांना सारखी द्यावी, आणि गोष्टीच्या वेळी बाजूला बसून राहिलेल्या मुलालाही तीच मिळावी.

सुरक्षिततेच्या बाबतीत काटेकोर राहावे. कोणतेही मूल एका प्रौढ व्यक्तीबरोबर बंद खोलीत एकटे नसावे. मुले असतील त्या खोलीत किमान दोन मोठी माणसे हवीत. शेंगदाणे, दूध किंवा आणखी कशाची ॲलर्जी आहे का, हे निमंत्रणाबरोबरच विचारून घ्यावे. खऱ्या मेणबत्त्यांऐवजी बॅटरीवरचे दिवे लावावेत, आणि तीन वर्षांखालील भावंडे येणार असतील तर हस्तकलेत बारीक मणी ठेवू नयेत. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांचे फोटो काढू नयेत, आणि ज्याने मूल आणून सोडले किंवा ज्याचे नाव पालकांनी सांगितले त्याच्याच हाती ते परत द्यावे.

दिवस शक्यतो नाताळाच्या आठ-दहा दिवस आधीचा निवडावा, कारण 24 आणि 25 डिसेंबरला उपासना आणि पाहुणे यांतून आपल्यालाच सवड मिळत नाही. निमंत्रणे त्याच्याही दोन आठवडे आधी, जमल्यास स्वतः दारोदार जाऊन द्यावीत, म्हणजे ज्या पालकांच्या मनात शंका असेल त्यांना ती समोरासमोर विचारता येईल.