उगाच आवाज नको

"मी ६१ वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात आम्ही लहान घरात राहायला जातोय. माझी बाजाची पेटी तिकडे न्यायची नाही, असं मुलाचं म्हणणं. कुणाला तरी दे, नाहीतर विकून टाक, म्हणतो. लग्नाआधी मी आठ वर्षं पेटी शिकले होते. मुलाच्या परीक्षेच्या वर्षी पेटी कपाटावर गेली ती तिथेच राहिली, त्याला आता १९ वर्षं झाली. पण मी तिची काळजी घेते. महिन्यातून एकदा खाली काढते, पुसते, भाता दोनदा हलवून बघते. पट्ट्यांना मात्र हात लावत नाही, उगाच आवाज नको. माझाही आवाज आता पूर्वीसारखा चढत नाही, त्यामुळे गाणं संपलंच म्हणायचं. पण ही पेटी म्हणजे नुसती वस्तू नाही, हे मुलाला कसं समजावून सांगू?"

ताई, मुलाचं नंतर बघू. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला तुमचा राग आला. "पट्ट्यांना मात्र हात लावत नाही, उगाच आवाज नको."

अहो, भाता हलवायचा आणि पट्टी दाबायची नाही? पेटीत हवा भरायची, ती आत दाटून राहते तोवर बघत बसायचं, मग पुन्हा चादर गुंडाळून वर ठेवून द्यायचं? १९ वर्षं, महिन्यातून एकदा. म्हणजे दोनशेहून जास्त वेळा तुम्ही त्या पेटीत श्वास भरलात आणि तिला तोंड उघडू दिलं नाहीत.

मुलगा तिला वस्तू म्हणतो, यात त्याचं काय चुकलं? परीक्षेच्या त्या वर्षापासून त्याने तिचा सूर ऐकलेला नाही. त्याला दिसतो तो चादरीत बांधलेला एक खोका, जो आई महिन्यातून एकदा उतरवते, पुसते आणि परत चढवते. सामान आवरताना अशा खोक्याबद्दल मीही तेच म्हटलं असतं.

आणि ही जी "काळजी" म्हणता, तीही बघू या. पेटीचा सूर पितळेच्या पातळ पात्यातून निघतो. पात्याचं एक टोक घट्ट बसवलेलं, दुसरं मोकळं. भात्यातली हवा फटीतून जाताना ते मोकळं टोक थरथरतं. पातं आणि फटीची कड यांत केसाएवढी जागा असते. तिथे धुळीचा कण बसला की सूर फाटतो, नाहीतर गप्पच होतो. वरचं लाकूड कितीही पुसलंत तरी तुमचं फडकं तिथवर पोचत नाही. तिथवर पोचते ती हवा, आणि हवेला वाट मोकळी होते पट्टी दाबल्यावरच.

सूर उतरले असतील तर ते मिळवून घेता येतात. दुरुस्त करणारा पातं टोकाशी किंचित घासतो, सूर चढतो. मुळाशी घासतो, सूर उतरतो. पण त्याच्याकडे न्यायची ती वाजवून झाल्यावर. आधी दुरुस्ती, मग चांगला क्लास, मग रियाजाला वेगळी खोली, हा क्रम मी पुष्कळ पत्रांत वाचलाय. त्यात आणखी १९ वर्षं सहज जातील.

आवाज चढत नाही, हे खरं असणार. पाळी गेल्यावर स्वरतंतू थोडे जाड होतात आणि बाईचा आवाज खाली येतो. मग तुम्हीही खाली या. काळी पाचमध्ये, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीला सा मानून, गात असाल तर काळी तीनचा सा धरा. तोही जड गेला तर पांढरी तीन. समोर पेटी असताना यासाठी एक बोट सरकवायचं असतं, बस.

आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी घातली होती. तिच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, धरता येत नाहीत, असे आक्षेप होते. ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. एवढ्या वर्षांत घराघरांतली पेटी मात्र थांबली नाही. तुमच्याकडे तर कुणी बंदीही घातली नव्हती. परीक्षा झाली, निकाल लागला, मुलगा नोकरीच्या वयाचा झाला, तरी "उगाच आवाज नको" हे तुम्ही स्वतःलाच बजावत राहिलात.

माझे वडील रोज संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं पेटी वाजवायचे. चांगली नाही वाजवायचे. दोन-तीन चाली, रोज त्याच, आणि दुसऱ्या चालीच्या मध्यावर रोज तीच चूक. मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबली की खालीच बसायची. वाजवता वाजवता ते अंगठ्याच्या नखाने तिला टक् करून वर उडवायचे आणि पुढे जायचे, लय न सोडता. आम्ही भावंडं शेजारीच अभ्यास करत असायचो, कुणी मानसुद्धा वर करायचं नाही. पेटीचं महत्त्व त्यांनी आम्हाला एका शब्दाने कधी समजावलं नाही. आज आम्ही चौघं जमलो की ती दुसरी चाल कुणीतरी गुणगुणतं, आणि बरोबर त्या जागी बाकीचे तिघं जिभेने टक् करतात.

तेव्हा मुलासाठी शब्द शोधू नका. आज रात्री तो घरात असताना पेटी खाली काढा. पुसू नका. चादर बाजूला टाका. खाली बसवत नसेल तर टेबलावर ठेवा, पण दार लावून घेऊ नका. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने सा. फाटका निघाला तरी बोट उचलायचं नाही, हवा संपेपर्यंत धरून ठेवा. मग प. मग वरचा सा. मग सारेग, रेगम, गमप. बोटं अडखळतील, भाता कधी जास्त ओढाल, कधी हवा अर्ध्यातच सरेल. थांबू नका. हाताने शिकलेलं हात फार उशिरा विसरतात, आणि तुमचे हात आठ वर्षं शिकलेत. एखाद्या वळणावर पुढची पट्टी तुम्हाला आठवायच्या आधीच करंगळी तिच्यावर जाऊन पडेल. त्या क्षणी तुमचा चेहरा कसा असेल, ते बघायला तिथे असायला मला फार आवडलं असतं.

"काय झालं, आई?" असं विचारत कुणी दारात आलं तर वाजवत राहा.

घर बदलेपर्यंत हे रोज करा, सगळे घरात असतील त्या वेळी. आणि नव्या घरात कपाटावर जागा मागू नका. खाली, हाताशी मागा.

पुढच्या पत्रात मुलाबद्दल काही नसलं तरी चालेल. कुठल्या पट्ट्या अडकतात आणि किती सूर फाटलेत, ते मात्र कळवा.