भाजीतून गोळी देऊ का?

अमळनेर तालुक्यातला एक धाकटा भाऊ वहिनीला घेऊन आमच्याकडे आला. मोठा भाऊ कापूस पिकवणारा. रोजच्या दारूच्या दोन क्वार्टर, म्हणजे ३६० मिली. सकाळी हात थरथरतात म्हणून चहाआधीही थोडी. धाकट्याच्या खिशात डायसल्फिरामच्या, म्हणजे दारू सोडवण्यासाठी देतात त्या गोळ्या होत्या, कुणीतरी आणून दिलेल्या. "भाजीतून देऊ का? दादाला कळणार नाही."

हा प्रश्न फार घरांतून येतो, आणि उत्तर ठाम नाही असंच आहे. ही गोळी दारूची ओढ मारत नाही. दारूपासून शरीरात तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड ती साचू देते. पोटात गोळी असताना प्याला तर चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. जीवही जाऊ शकतो. गोळी थांबवल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून तपासण्या करून, पिणाऱ्याला सगळं सांगून, त्याच्या होकारानेच ती सुरू करतात.

वहिनी म्हणाल्या, "मग कानबाईची शपथ घालते, उद्यापासून बंद." कानबाई म्हणजे खानदेशातली देवी. इथे आम्हाला जास्त भीती वाटली. सकाळी थरथर असलेल्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होऊ शकतात: भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही. गावात याला बाहेरचं समजून भगताकडे नेतात आणि मोलाचे तास जातात. ही थेट दवाखान्याची वेळ. तिथे "रोज पितो, अमुक वाजता शेवटची घेतली" हे न लाजता सांगावं, कारण ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन, म्हणजे बी-१, द्यावं लागतं.

मग बोलायचं कसं? प्यालेल्याशी नाही. सकाळी, शक्य तितका शुद्धीत असताना, एकट्याने. पाच जणांची बैठक बसवून नव्हे. धाकट्याने वाक्य घरच्या बोलीत बसवलं: "दादा, रातले तू अंगनमा पडेल व्हता. माले तुनी काळजी वाटस. डॉक्टरकडे मी संगे येस." 'बेवडा' नाही, पोरांची शपथ नाही. दारूच्या दुकानाची उधारी फेडणं त्याने त्याच दिवसापासून थांबवलं. दवाखान्याचा खर्च मात्र उचलेन म्हणाला.

दोनदा दादा उठून गेला. तिसऱ्यांदा आला. आठवडाभर दाखल राहिला.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली आहे. पत्त्यांचे डाव बसतील, बाटली फिरेल. ते तीन दिवस दादा बहिणीकडे धुळ्याला जाणार, हे दोघा भावांनी मिळून ठरवलं आहे. पाय घसरलाच तर कुणी ओरडायचं नाही, दुसऱ्या दिवशीच फोन करायचा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर वहिनींनी चुलीमागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे.