नाझरबाईंना विचारा : साहेबांच्या नावाने

गेल्या अंकात वारस नोंदींबद्दल लिहिलं होतं. पत्रं आली ती मात्र कोर्टातल्या पैशांबद्दल. मी नाझर म्हणून निवृत्त झाले, म्हणजे कोर्टाची तिजोरी आणि बेलीफ दोन्ही माझ्याकडे होते. तेव्हा या विषयावर बोलायला कचरत नाही. पत्रांतली नावं आणि गावं काढून टाकली आहेत, तालुके ठेवले आहेत.

देवगडहून एक बागायतदार विचारतात : आमची सामाईक कलमबाग आहे. चुलतभावाने आंबा काढू दिला नाही म्हणून वाटपाचा दावा लावला आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज दिला. युक्तिवाद झाला, आदेश राखून ठेवलाय. कोर्टाबाहेर टायपिंगची टपरी चालवणारा एक जण घरी आला आणि म्हणाला, "सायबांचा बघूचा लागतला. चाळीस हजार. उलटा झाला तर पैसे परत." आमच्या वकिलांना सांगू नका, असंही बजावून गेला. मुंबईचे भाऊ म्हणतात, देऊन मोकळा हो. काय करू?

देऊ नका. आणि "उलटा झाला तर पैसे परत" हे त्याचं बोलणं नीट ऐका, सगळी मेख तिथेच आहे. हा गृहस्थ तुमच्या चुलतभावाच्या ओटीवरही बसून आला असणार. दोघांकडून चाळीस-चाळीस घ्यायचे. दोघांतला एक जिंकणारच. जिंकेल त्याचे खिशात घालायचे आणि हरेल त्याचे प्रामाणिकपणे परत करायचे, वर हळूच सांगायचं, "समोरच्याने जास्त मोजले हो." साहेबांना यातला छदाम पोचत नाही, त्यांना गंधवार्ताही नसते. गंमत म्हणजे हरलेला माणूस या दलालाला सचोटीचा समजतो आणि न्यायाधीश विकला गेला असं एसटी स्टँडपासून मच्छी मार्केटपर्यंत सांगत सुटतो. माझ्या नोकरीत मी साधेसरळ न्यायाधीश असे विनाकारण बदनाम होताना पाहिले आहेत.

त्याला आतली माहिती असते, असं तुम्हाला वाटेल. नसते. कोर्टाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, सगळ्यांना दिसतो. युक्तिवादात साहेबांनी कोणत्या वकिलाला खोदून खोदून विचारलं, हे मागच्या बाकावर बसून कोणालाही कळतं. पक्षकार घरी असतो आणि टपरीवाला बाकावर, तुमच्यात आणि त्याच्यात फरक एवढाच. म्हणून तुमच्या दाव्याचा सीएनआर क्रमांक, तो सोळा अक्षर-अंकांचा, वकिलांकडून मागून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाका. पुढची तारीख, त्या दिवशी काय झालं, आदेश, सगळं तिथे चढतं. मनाई नाकारली गेली तर नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्या. ओरसच्या जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात. तुमचा आंबा मात्र तेवढा थांबणार नाही. बागेवर कोर्ट कमिशनर नेमून फळांचा हिशेब ठेवावा, असा अर्ज करता येईल का, ते वकिलांना आजच विचारा.

आता कायदा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती होऊन कलम ७अ आलं. लोकसेवकावर भ्रष्ट मार्गाने किंवा आपल्या वजनाने प्रभाव टाकतो, असं म्हणून पैसे घेणारा कोणीही त्यात सापडतो, टपरीवालासुद्धा. शिक्षा तीन ते सात वर्षं. कलम ८ प्रमाणे देणाराही गुन्हेगार, पण जबरदस्तीने द्यावे लागले आणि सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं तर सूट आहे. भावांना हे सात दिवस सांगा. तुम्ही अजून दिलेले नाहीत, म्हणून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक फिरवा. ते आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी करतात, मग सापळा लावतात. पैसे मोजताना फोटो काढून आपणच शूरपणा करायला जाऊ नका.

लाच दिलेल्या माणसाला अभय द्यावं की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे. १८८८ साली क्रॉफर्ड प्रकरण गाजलं. क्रॉफर्ड हे महसुलाचे बडे अधिकारी, मुंबईतल्या मंडईला ज्यांचं नाव होतं तेच. बदलीसाठी, बढतीसाठी मामलेदारांकडून पैसे घेतल्याचा आरोप होता आणि मध्ये हणमंतराव नावाचा माणूस. सरकारने अभय दिलं म्हणून मामलेदारांनी पैसे दिल्याचं कबूल केलं, आणि मग त्यांच्याच नोकऱ्यांवर गदा आली. आपले रत्नागिरीचे टिळक त्या मामलेदारांच्या बाजूने उभे राहिले, ते दिलेला शब्द सरकारने पाळावा म्हणून. साहेब लाचेच्या आरोपातून सुटले. हाताखालच्या लोकांकडून उसने पैसे घेतले, एवढ्यावर त्यांची नोकरी गेली. तेव्हाही मधल्या माणसाच्या पलीकडे पुरावा पोचला नाही.

आणखी एक. वकिलांना सांगू नका, असं तो म्हणाला, म्हणून आधी वकिलांनाच सांगा. उद्या एखाद्या वकिलानेच "साहेबांसाठी" म्हणून मागितले, तर तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे, ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली. राजस्थानातल्या एका ज्येष्ठ वकिलाने पक्षकाराला चक्क पत्र लिहिलं होतं, न्यायाधीश पैसे घेतात, दहा हजार पाठवा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने आधी सनद कायमची काढली, मग फेरविचारात शिक्षा नुसत्या ताकिदीवर आणली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सनद कायमची काढण्याची शिक्षा पुन्हा कायम केली. वय आणि पन्नासेक वर्षांची वकिली आड आली नाही.

राजापूरहून एक निवृत्त शिक्षक : आमच्या प्रकरणात दलाल नाही, मला खुद्द न्यायाधीशांबद्दलच शंका आहे. तक्रार केली तर कोर्टाचा अवमान होईल, असं सगळे घाबरवतात. खरं काय?

गुरुजी, आदेश चुकीचा वाटतो की माणूस लबाड वाटतो, हे आधी स्वतःशी ठरवा. आदेश चुकीचा असेल तर अपील. हरलेला प्रत्येक जण न्यायाधीशावर तक्रार करू लागला, तर निर्भीडपणे मनाई देणारा न्यायाधीश उरायचा नाही.

माणूसच लबाड असेल, तर अवमानाची भीती बाळगू नका. न्यायालय अवमान कायदा १९७१, कलम ६. कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाबद्दल उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेलं निवेदन हा अवमान नाही. पण हे संरक्षण उच्च न्यायालयाला किंवा दुसऱ्या कनिष्ठ न्यायालयाला लिहिलेल्या पत्राला आहे, वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला नाही. पत्र रजिस्ट्रार जनरल, मुंबई उच्च न्यायालय, यांच्या नावे पाठवा आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. २०१४ साली सरन्यायाधीशांकडून सगळ्या उच्च न्यायालयांना कळवलं गेलं, की प्रतिज्ञापत्र आणि पडताळता येईल असा मजकूर नसेल तर अशी तक्रार विचारात घेऊ नये. निनावी पत्रं लिहिणाऱ्यांनी टपालखर्च वाचवावा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली, तरी हे पत्र मुंबईलाच.

पडताळता येईल असं म्हणजे काय? "न्यायाधीश आणि समोरचे वकील एकत्र जेवतात" हे पुरेसं नाही. तालुक्याच्या गावात जेवायला खानावळी असतात किती! आम्ही ऑफिसातली माणसं वेगळ्या गोष्टी बघायचो. एकाच वकिलाची प्रकरणं बोर्डावर खालून वर येतात. फाइल कारण नसताना बंगल्यावर मागवली जाते. बदलीचा हुकूम आल्यावर, पदभार सोडायच्या आदल्या संध्याकाळी नेमके दोनच निकाल लागतात. रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणात तारखेगणिक काय झालं त्या नोंदीत, एक लिहिलेलं असतं आणि आदेशात दुसरंच. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी कागदावर असतात, आणि कागदाची नक्कल मिळते. रोजनाम्याची नक्कल काढा, तारखा समोरासमोर मांडा, विशेषणं एकही लिहू नका. "हा न्यायाधीश महाभ्रष्ट आहे" या वाक्याची चौकशी होत नाही, "१४ तारखेच्या रोजनाम्यात मुदत दिली आहे आणि आदेश त्याच तारखेचा आहे" याची होते.

मग ऑफिसातली माणसं गप्प का राहतात, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. कारण गोपनीय अहवाल साहेबच लिहितात, आणि लांबच्या तालुक्याला बदली म्हणजे काय, हे ज्याची म्हातारी आई घरी आहे त्यालाच कळतं. याला मी धैर्याचा अभाव म्हणत नाही. ही व्यवस्थेची त्रुटी आहे, आणि ती दुरुस्त करायची घाई वर कोणाला दिसत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ ने खालच्या न्यायालयांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाला दिलंय. आवाज न करता सक्तीने घरी पाठवलेले न्यायाधीश मी पाहिले आहेत. आवाज न करता, हीच माझी तक्रार. ज्यांची वाटणी त्यांनी बिघडवली, त्या पक्षकारांना हे कधी कळतच नाही.

लांज्याहून कायद्याची विद्यार्थिनी : मार्च २०२५ मध्ये दिल्लीत एका न्यायमूर्तींच्या बंगल्यात आग लागली आणि जळक्या नोटांची बातमी आली. वरच्या न्यायाधीशांवर कारवाई होतच नाही का?

त्या न्यायमूर्तींनी आरोप नाकारले आहेत, एवढं आधी लिहिते. आता प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या वीरास्वामी निकालात ठरवलं, की उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही लोकसेवकच, मात्र सरन्यायाधीशांशी सल्लामसलत केल्याशिवाय गुन्हा नोंदवता येणार नाही. काढून टाकायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत ठराव, आणि त्याला मतदान करणाऱ्यांतले दोन तृतीयांश तर हवेतच, शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यांचं बहुमतही हवं. १९९३ साली न्या. व्ही. रामस्वामींच्या वेळी लोकसभेत १९६ मतं ठरावाच्या बाजूने पडली, विरोधात एकही नाही, आणि तरी ठराव पडला, कारण काँग्रेसचे खासदार मतदानापासून दूर राहिले. २०११ साली न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव राज्यसभेत संमत झाला. लोकसभेत येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला.

खात्यांतर्गत चौकशीची जी पद्धत आहे, तिचं मूळ आपल्या मुंबईत आहे. १९९५ साली मुंबईच्या मुख्य न्यायमूर्तींवर परदेशी प्रकाशकाकडून मिळालेल्या मानधनावरून वकिलांनी आक्षेप घेतला आणि त्यांनी पद सोडलं. त्या प्रकरणातल्या निकालातून पुढे ही पद्धत आली. न्यायाधीशांनीच न्यायाधीशांना तपासायचं, यात मला समाधान नाही. पण सरकारच्या हाती हा लगाम दिला, तर सरकारविरुद्धचा निकाल लिहिताना कोणाचा हात थरथरणार नाही, हेही सांग. तू परीक्षेत "स्वातंत्र्य विरुद्ध उत्तरदायित्व" असं लिहून मोकळी होशील, मला ते अजून सुटलेलं नाही. मे २०२५ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर न्यायाधीशांच्या मालमत्तेची विवरणं आहेत. जिल्ह्यातले न्यायाधीशही विवरण देतात, पण ते उच्च न्यायालयाला, आपल्याला नव्हे. ते उघड व्हावं, असं माझं मत.

मालवणहून : शेजारी राहणाऱ्या न्यायाधीशांना हापूसची पेटी पाठवली, तर ती लाच का? आमचा कोर्टात काही दावा नाही.

आज नाही, उद्या असेल. एका साहेबांकडे असा पाच डझनी आला. त्यांनी शिपायाला पेटीसह परत पाठवलं आणि "पेटी न उघडता परत मिळाली" अशी सही आणायला लावली. सही करणारा बागायतदार महिनाभर चिडलेला होता. दुसऱ्या एका साहेबांनी बाजारभाव विचारून पैसे पाठवले. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, शेजार टिकतो. तुम्ही मात्र पाठवूच नका. मुलांच्या हातात चार आंबे द्या नि विषय संपवा, पेटीवर लेबल लावून मिरवू नका.

कुडाळहून : समन्स बजावायला बेलीफ पेट्रोलचे पाचशे मागतो. नाही दिले तर "पत्त्यावर आढळून आला नाही" असा अहवाल लिहीन म्हणतो.

हे खातं माझं! समन्सची फी तुम्ही आधीच भरलेली असते आणि बेलिफाला प्रवासभत्ता सरकार देतं. पाचशे हा त्याचा हक्क नाही. तोंडी भांडू नका. त्याचा अहवाल आला, की त्याची नक्कल घ्या. घराला कुलूप होतं असं लिहिलं असेल, तर कोणत्या दिवशी, कोणाला विचारलं, शेजारी कोण, हे त्यात असावं लागतं, आणि बनावट अहवाल नेमका तिथेच उघडा पडतो. मग प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे लेखी तक्रार करा. तोवर काम अडू नये म्हणून हमदस्त समन्स मागा, म्हणजे कोर्टाच्या परवानगीने तुम्ही स्वतः बजावाल, शिवाय पोस्टाने पाठवायचीही परवानगी घ्या. प्रतिवादी मुंबईला असेल तर तो गावी कधी येतो हे बेलिफापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. त्याच्या मुंबईच्या खोलीचा पत्ताही अर्जात घाला. आणि हा अर्ज मे महिन्याची सुट्टी लागायच्या आत द्या, नाहीतर थेट जूनची तारीख मिळेल.