दहा वर्षांचा मुलगा प्रार्थनेला बसायला कुरकुर करतो, उलटे प्रश्न विचारतो. ख्रिस्ती पालक म्हणून त्याला विश्वासात कसं वाढवावं?

धाक दाखवू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पुढचं सगळं माझ्या समाधानासाठी.

तुम्ही लिहिलंय की मुलगा संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायला कुरकुर करतो, रविवारी नेमक्या उपासनेच्या वेळेला त्याच्या मॅचेस असतात, हातातला मोबाइल सुटत नाही. आणि वर, "फार उलटे प्रश्न विचारतो, म्हणून घरातली मोठी माणसं म्हणतात आता जरा धाक हवा." मॅच आणि मोबाइल कुठल्या घरात नाहीत? त्यावर शेवटी चार ओळी लिहीन. पण उलट्या प्रश्नांवरून आमच्या घरात जे महाभारत झालं (ख्रिस्ती घरातही महाभारतच होतं, दुसरा शब्द नाही), ते अजून मिटलेलं नाही.

आमचे चिरंजीव तेव्हा नऊ वर्षांचे. संडे स्कूलमध्ये त्यांच्या वर्गाला शिकवायला माझी सख्खी थोरली बहीण. बाकीची मुलं तिला टीचर म्हणतात, हा मावशी म्हणतो, इथूनच तिचं डोकं तापायला सुरुवात होते. त्या रविवारी धडा होता बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा 22वा अध्याय. अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून आपल्या मुलाला, इसहाकाला, अर्पण करायला मोरिया देशात नेतो, तो. ताईने फ्लॅनेलच्या बोर्डावर डोंगर लावला, लाकडं लावली, झुडपात शिंगं अडकलेला एडका लावला. मुलगा वाचला, देवाने पुरवलं, चला आता सुवर्णवचन म्हणा. याने हात वर केला. "मावशी, इसहाक घरी परत आला का?"

ताई म्हणाली, आला की.

"पण लिहिलेलं नाहीये."

आणि खरंच लिहिलेलं नाही, उघडून बघा. जाताना 5व्या वचनात अब्राहाम चाकरांना सांगतो, मी आणि मुलगा तिकडे जाऊन भजन करून परत येतो. परतताना, 19व्या वचनात, चाकरांकडे येतो तो अब्राहाम. मग सगळे बैर-शेब्याला जातात. इसहाकाचं नाव नाही. तेवढ्यावर थांबेल तर तो आमचा कसला. त्याने पान उलटलं होतं. पुढचा अध्याय उघडतो तोच साराच्या, म्हणजे इसहाकाच्या आईच्या, मरणाने, 127 वर्षांची होऊन ती वारते. "मग साराला कुणी विचारलं होतं का? तिला हे कळलं म्हणून ती मेली का?"

वर्ग हसला. ताईला वाटलं, हा मुद्दाम करतोय. भाचा असून चारचौघांत पाणउतारा करतो म्हणजे काय! तिने शिक्षा दिली: इफिसकरांस पत्र, 6वा अध्याय, पहिलं वचन, मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं ते, वहीचं पान भरेपर्यंत लिहून आण.

त्याने लिहिलं. निमूट, चांगल्या अक्षरात. फक्त त्याला पुढे वाचायची खोड आहे. पानाच्या तळाशी उरलेल्या जागेत त्याने त्याच अध्यायातलं 4थं वचन लिहिलं, "बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका", आणि खाली कंसात, बारीक अक्षरात, "यात मावशी पण येतात का?"

मी ती वही तशीच जाऊ दिली. खोडायला लावलं नाही, आजही लावणार नाही.

पुढच्या रविवारी दुपारीच फोन. "तू हसली असशील हे वाचून." हसलेच होते. मग ताईने एली काढला. एली याजकाने आपल्या पोरांना आवरलं नाही म्हणून देवाने त्याच्या घराण्याला शासन केलं, 1 शमुवेल, 3रा अध्याय. हे तिचं ठेवणीतलं अस्त्र. मी म्हटलं, पाच अध्याय पुढे जा. शमुवेलाचे मुलगे, योएल आणि अबीया, बैर-शेब्यात न्यायाधीश होते आणि लाच खात होते. शमुवेलाच्या हातून संगोपनात काय चुकलं, ते शास्त्रात एका शब्दाने सांगितलेलं नाही. एवढा मोठा संदेष्टा, त्याची पोरं बिघडली. मग शिस्त लावली की मूल लाईनीवर येतं, हे गणित आणलंस कुठून?

नवरा या टप्प्यावर गच्चीवर गेला. त्याला अंदाज असतो.

गंमत म्हणजे मुलाचा प्रश्न कुणीच धड घेतला नाही. पाळकसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, छान प्रश्न आहे, पुढच्या रविवारी सांगतो. तो पुढचा रविवार अजून उगवायचाय. शेवटी मीच शोधत बसले. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राशी नावाचा मोठा यहुदी पंडित होऊन गेला. त्याने भाष्यात लिहून ठेवलंय की साराच्या मरणाची गोष्ट इसहाकाला बळी द्यायला बांधल्याच्या गोष्टीला लागूनच येते, कारण मुलगा जवळजवळ बळी गेला होता ही बातमी ऐकूनच तिचा प्राण गेला. म्हणजे ज्या प्रश्नावर एवढ्या मोठ्या माणसाने डोकं चालवलं, तोच विचारल्याबद्दल माझ्या पोराला पानभर शिक्षा. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग राशीला पण लिहायला लावलं असेल."

त्यानंतर त्याने संडे स्कूलला जायचं बंद केलं. उपासनेला माझ्या शेजारी मागच्या बाकावर बसायचा, वर्गात पाय ठेवायचा नाही. मी जबरदस्ती केली नाही. ताईच्या लेखी हा विश्वासत्याग. आता संडे स्कूल ही काही सिनाय पर्वतावरून आलेली आज्ञा नाही. इंग्लंडात ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्सने 1780 साली ती शाळा काढली, आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब पोरांना रविवारी तरी वाचायला शिकवावं म्हणून. माझा मुलगा वाचत होता, आणि नेमकं तेच नडलं. हे मी ताईला बोलूनही दाखवलं. तिने फोन ठेवला.

पण भांडणाचं मूळ माझ्या मुलात नाहीच. ते आमच्या धाकट्या भावात आहे.

आम्ही तिघं भावंडं. लहानपणी शनिवारी रात्री वचनं पाठ झाल्याशिवाय निजायला मिळायचं नाही. धाकटा त्यात हुशार. स्तोत्र 119, म्हणजे 176 वचनांचं, स्तोत्रसंहितेतलं सगळ्यात लांब, त्याला अध्येमध्ये कुठूनही विचारा. पाठांतराची बक्षिसं तोच आणायचा. हाच मुलगा आज फक्त लग्नाला आणि मातीला चर्चमध्ये येतो. ताई म्हणते, कॉलेजात गेला, संगत लागली. मी म्हणते, त्याच्या शाळेतल्या जवळच्या मित्राचे वडील अचानक गेले, तेव्हा त्याने घरी एक प्रश्न विचारला होता: ते ख्रिस्ती नव्हते, मग ते आता कुठे आहेत? त्याला सांगितलं गेलं, असलं काही मनात आणू नये, प्रार्थना कर. त्याने केली असेल. पण नंतर त्याने आमच्यापैकी कुणालाच काही विचारलं नाही. ताईला हे आठवत नाही. मला तो स्वयंपाकघराच्या दारात कुठे उभा होता तेसुद्धा आठवतं.

ताई त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते, आणि हे मी टोमण्याने लिहीत नाही. ती नेहमी ऑगस्टीन या थोर ख्रिस्ती धर्मपंडिताच्या आईचा, मोनिकेचा दाखला देते: किती वर्षं रडली, शेवटी 387 साली मिलानमध्ये अँब्रोज नावाच्या धर्मगुरूच्या हातून मुलाचा बाप्तिस्मा झाला. बरोबर. पण मधला भाग ती गाळते. मोनिका एका बिशपकडे गेली होती, माझ्या मुलाशी बोला, त्याच्या चुका दाखवा म्हणून. बिशपांनी साफ नकार दिला. त्याला आहे तसा असू दे, त्याच्यासाठी फक्त प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल, असं त्यांचं म्हणणं. ती तरी हटेना, तेव्हा वैतागून म्हणाले, जा आता, एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. अश्रूंचं वाक्य सगळ्यांना पाठ, "असू दे" कुणाला आठवत नाही. आमच्या भावाला दर सणाला जेवायच्या टेबलावर कुणाच्या तरी विश्वासाची साक्ष ऐकावी लागते.

आणि ऑगस्टीनने स्वतः लहानपणीचं लिहून ठेवलंय: शाळेत मार बसू नये म्हणून तो देवाची मनापासून प्रार्थना करायचा, आणि त्या माराला मोठी माणसं हसायची, आईबापसुद्धा. पोराची पहिली खरी प्रार्थना अशीच असते हो. परीक्षा, मार, हरवलेली वस्तू. तिला हसायचं नाही. कुरकुर करणाऱ्या तुमच्या मुलाला एकदा एवढंच विचारा, तुला देवाकडे काय मागायचंय? "उद्याचं गणित रद्द होऊ दे" म्हणाला तर तेवढंच म्हणा आणि आमेन. तुमची ती जगभरातल्या आजाऱ्यांपासून राज्यकर्त्यांपर्यंतची यादी मुलं झोपल्यावर. कुरकुरीचं निम्मं कारण प्रार्थनेची लांबी असते, हे मी पैजेवर सांगते.

प्रश्नांचं म्हणाल तर पवित्र शास्त्रात मुलं विचारणार हे धरूनच चाललेलं आहे. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, नियमातच येतं, तुमची मुलं विचारतील की या सेवेचा अर्थ काय, तेव्हा त्यांना सांगा (निर्गम, 12वा अध्याय). अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात पुन्हा तेच. इस्राएलांचा पुढारी यहोशवा, त्याने यार्देन नदीच्या पात्रातून 12 धोंडे उचलून आणवले, कशासाठी? पुढे मुलांनी विचारावं, हे धोंडे कसले, म्हणून. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हा गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. तिथे ताई असती तर त्यालाही पान भरायला लावलं असतं.

धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1529 साली घरच्या कर्त्या माणसाने मुलांना शिकवावं म्हणून छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, त्यातही प्रत्येक आज्ञेखाली प्रश्न येतो, याचा अर्थ काय? हे मी ताईला मोठ्या ऐटीत ऐकवलं. ती म्हणाली, "हो, आणि त्याखाली उत्तरही छापलेलं आहे, आणि ते पाठच करायचं असतं." हा गुण तिला द्यावाच लागेल.

आता थोडं तिच्या बाजूचंही लिहिते, नाहीतर ती खाली कमेंट करेल. पाठांतर वाईट नाही. माझी आई शेवटच्या आजारात माणसं ओळखेनाशी झाली होती, पण स्तोत्र 23 सुरू केलं की पुढचं ती म्हणायची. ते लहानपणी कुणीतरी घोकून घेतलेलंच होतं. आणि सगळेच प्रश्न खरे नसतात. भांडी घासायची पाळी आली की आमच्याकडेही अचानक त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव कसा याबद्दल, शंका निघते. तेवढं ओळखता यायला हवं. शिवाय माझा मुलगा आता मोठा झालाय, उपासनेला कधी येतो, कधी येत नाही, दृढीकरणाच्या (मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गाला बसायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. ताईच्या हिशेबात हे माझ्या नावावर मांडून झालेलं आहे. तेव्हा माझी पद्धत यशस्वी झाली असा दावा मी करत नाही. तिचीही झालेली नाही, एवढंच.

भावालाही एकदा समोर बसवून विचारलं, तू चर्च का सोडलंस ते आज सांगूनच टाक, आम्हा दोघींचा निकाल लागू दे. तो म्हणाला, "मला रविवारी झोप यायची." त्यावर ताई म्हणाली, बघ, शिस्त नव्हती. मी म्हटलं, बघ, तो आपल्याला खरं सांगतच नाही.

राहिलं मॅच आणि मोबाइल. मॅच असेल तर संध्याकाळच्या उपासनेला न्या, तुमच्याकडे होत असेल तर. नसेल तर महिन्यातला कोणता रविवार सोडायचा हे त्याला ठरवू द्या आणि बाकीचे सक्तीचे ठेवा. हो, सक्तीचे. धाक नको म्हणजे नियम नको असं मी म्हटलेलं नाही. मोबाइल प्रार्थनेच्या वेळी दुसऱ्या खोलीत, तुमचाही. बायबल मोबाइलवर वाचते ही सबब मी स्वतः वापरलेली आहे, मुलं त्यावर विश्वास ठेवत नाहीत. आणि उपासनेहून परतताना वाटेत पाळकांच्या संदेशाची चिरफाड करू नका, मागच्या सीटवरून सगळं ऐकू जातं. मोठ्या माणसांना माझं उत्तर दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा, एलीचा मुद्दा निघाला की 1 शमुवेलाचा 8वा अध्याय उघडा.